युक्रेनला ६१ अब्ज डॉलर 'रोख' गेले?

जालन्याच्या मोंढ्यात सौदे सुरू व्हायची वाट बघत बसलेल्यांच्या मोबाइलवर हा मेसेज अजून फिरतोय: 'बायडननं एका सहीत युक्रेनला ६१ अब्ज डॉलर रोख दिले.'

सही झाली, २४ एप्रिल २०२४ ला. पण अमेरिकेत तिजोरीची किल्ली राष्ट्राध्यक्षाकडे नसते, ती काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे. बायडन यांची मागणी तिथं गेली होती ऑक्टोबर २०२३ मध्ये. फेब्रुवारीत सिनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, ७० विरुद्ध २९ मतांनी विधेयक मंजूर केलं, तर खालच्या सभागृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी ते दोन महिने मतदानालाच घेतलं नाही. 'आधी आपली सीमा सांभाळा' हा विरोधकांचा मुद्दा होता, आणि तो अगदीच फालतू नव्हता. शेवटी २० एप्रिलला खालच्या सभागृहातही मंजुरी, ३११ विरुद्ध ११२. विरोधातले सगळे बायडन यांच्या विरोधी रिपब्लिकन पक्षाचे.

आता 'रोख'चं बघू. सुमारे २३ अब्ज, युक्रेनला शस्त्रं देऊन रिकामी झालेली अमेरिकेचीच कोठारं भरायला. म्हणजे घरातला जुना ट्रॅक्टर मेव्हण्याला दिला आणि नवा गावातल्याच शोरूममधून उचलला. १५५ मिलिमीटरचे तोफगोळे पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या कारखान्यात घडतात, मजुरी तिथल्याच कामगारांना मिळते. आणखी सुमारे १४ अब्ज नव्या शस्त्रखरेदीला. युक्रेन सरकारच्या खर्चासाठीची थेट आर्थिक मदत १० अब्जांच्या आत, तीही कर्ज म्हणून. ते माफ करायची तरतूद मात्र कायद्यातच आहे, आणि कर्जमाफी म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही!