टॉवेल आणि तुव्वालू

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात जरा वेळ उभं राहिलं की एकाच मालाची दोन नावं कानावर पडतात. गिऱ्हाईक ‘टॉवेल’ मागतं. आत पद्मशाली या विणकर समाजाचे कामगार आपसांत तेलुगूत ‘तुव्वालू’ म्हणतात. मला कितीतरी वर्षं वाटायचं, टॉवेल बोलता बोलता झिजला आणि त्याचा तुव्वालू झाला. तसं नाही. तुव्वालू आला पोर्तुगीज ‘तोआल्या’वरून. आपले पगार, चावी, बटाटा ज्या गलबतांतून उतरले, त्यातलाच हा. हिंदीतला तौलिया आणि कोकणीतला तुवालोही तिकडचेच. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० साली. इंग्रजांची कंपनी स्थापन झाली तीच मुळी १६०० साली.

दोघांचं घराणं मात्र एक. जुन्या जर्मानिक बोलींत, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी ज्यांतून निघाल्या त्या बोलींत, ‘थ्वाहन’ म्हणजे धुणं. त्यावरून अंग पुसायच्या फडक्याला नाव पडलं. फ्रँक या जर्मानिक टोळ्यांबरोबर ते आजच्या फ्रान्सात गेलं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘तोआय’सारखं काहीसं झालं आणि तेराव्या शतकात इंग्रजीत शिरलं. खरं तर इंग्रजी स्वतःच जर्मानिक. धुण्याचं ‘थ्वेआन’ हे क्रियापद तिच्या घरात होतंच. ते तिनं टाकलं आणि माहेरचा शब्द फ्रेंचांकडून उसना आणला. इटालियनमध्ये ‘तोवाल्या’ म्हणजे टेबलावर अंथरायचं कापड, तर डचांचं ‘द्वाइल’ म्हणजे फरशी पुसायचं फडकं. एकाच आईची लेकरं, एक जेवणाच्या टेबलावर, दुसरं पायाखाली!

सोलापूरच्या ज्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याची वीण आणखी वेगळ्या गावची. मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, बीम (रूळ) दोन असतात. एक ताणलेला, दुसरा सैल. तीन आडवे धागे भरले की फणी जोरात पुढे येते आणि सैल धाग्याचे फासे वर उभे राहतात. पाणी टिपतात ते हेच फासे. हे कापड हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रजानं तुर्कस्तानात पाहिलं, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं. म्हणून जुन्या दुकानदारांच्या तोंडी अजून ‘टर्किश टॉवेल’ असतो.

खुद्द तुर्कांकडे मात्र टॉवेलही नाही आणि तुव्वालूही नाही. ते म्हणतात ‘हवलू’. ‘हव’ म्हणजे कापडावरची लव. हवलू म्हणजे लव असलेलं.