टेप शाबूत, रबराचं डांबर

१९८० साली ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-८५ हा छोटेखानी संगणक बाजारात आणला. पडदा, कीबोर्ड, प्रिंटर आणि चुंबकीय टेपवर माहिती साठवणारा टेप ड्राइव्ह, सगळं एकाच पेटीत. असा संगणक आज कुणाच्या हाती लागला, तर बरेचदा तो सुरू होतो आणि पडद्यावर अक्षरंही उमटतात. पण टेपच्या खाचेत बोट घातलं की डांबरासारखं काळं, चिकट काहीतरी हाताला लागतं. तो एके काळी रबराचा रोलर होता.

जुन्या टेप ड्राइव्हवर विसंबावं का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या रोलरमध्येच आहे.

पाव इंच रुंदीच्या टेपचं कार्ट्रिज, म्हणजे टेपची बंद डबी, ३एम कंपनीने १९७२मध्ये आणलं. त्याची रचना मला आजही फार देखणी वाटते. ऑडिओ कॅसेटमध्ये यंत्र टेपला धरून ओढतं. इथे ड्राइव्हचा रोलर कार्ट्रिजच्या आतल्या एका चाकाला फक्त टेकतो. ते चाक एक ताणलेला लवचीक पट्टा फिरवतं, आणि हा पट्टा दोन्ही रिळांवरच्या टेपला बाहेरून टेकून तिला पुढे नेतो. टेपचा ताणही तोच राखतो. म्हणजे एक मोटर, एक रोलर, एक पट्टा, की काम झालं. पुढे डीसी६००ए कार्ट्रिजमध्ये ६०० फूट टेपवर सुमारे ६० मेगाबाइट मावू लागले. टेप वाचणारं-लिहिणारं हेड एक माग, म्हणजे टेपवरची नोंदींची एक लांब ओळ, संपला की शेजारच्या मागावर सरकतं आणि टेप उलटी धावते. नांगरट करताना बैल शेताच्या टोकाला वळवतात, तसंच.

पण हा सगळा डोलारा रबरावर उभा आहे. रबरासाठी वापरलेल्या पॉलियुरेथेनसारख्या पदार्थांच्या रेणूंच्या लांब साखळ्या हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटांचा तळवा एके दिवशी भुगा होऊन गळून पडतो, त्यामागे हीच रासायनिक क्रिया असते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांना हे सांगायला नको. वस्तू वापरली नाही म्हणून ती टिकत नाही.

कार्ट्रिजमधल्या पट्ट्याचं दुखणं वेगळं. तो वर्षानुवर्षं एकाच जागी ताणलेला असतो, त्यामुळे सैल पडतो किंवा ठिसूळ होऊन तुटतो. सगळ्यात वाईट म्हणजे तो टेपच्या वरच्या थराला चिकटतो. ड्राइव्ह सुरू होताच चुंबकीय लेप त्याच्याबरोबर खरवडून निघतो, आणि त्या जागेवरची माहिती कायमची गेली. शिवाय या कार्ट्रिजमध्ये टेपचं टोक रिळाला बांधलेलंच नसतं. शेवट जवळ आला हे ड्राइव्हला टेपमधल्या बारीक छिद्रांमधून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून कळतं. तो संवेदक धुळीने झाकला गेला, तर टेप रिळावरून सुटूनच येते.

मग टेप स्वतः कशी टिकते? बरेचदा अपेक्षेपेक्षा चांगली. १९६६-६७मध्ये नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी पाठवलेली चंद्राची छायाचित्रं मोठ्या टेपवर साठवली होती. ती टेप वाचणारे अँपेक्स कंपनीचे ड्राइव्ह दुर्मीळ झाले, तेव्हा नासातल्या नॅन्सी इव्हान्स यांनी काही ड्राइव्ह आपल्या गॅरेजमध्ये जपून ठेवले. ते दुरुस्त झाले आणि २००८मध्ये चंद्राच्या क्षितिजावरच्या पृथ्वीचं छायाचित्र मूळ तपशिलासह पुन्हा हाती आलं. टेप चाळीस वर्षं थांबली होती. अडलं होतं ते यंत्रापाशी.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवा बॅकअप या ड्राइव्हवर घेऊ नये. त्यांचा उपयोग एकच: आत अडकलेली माहिती बाहेर काढणं. त्यासाठी आधी चिकट रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धातूपर्यंत साफ करावं आणि योग्य मापाची रबरी नळी तिथे बसवावी. माप चुकलं तर अनेक ड्राइव्हमध्ये टेपचा वेगच बदलतो. हेड आणि छिद्रं ओळखणारा संवेदक पुसून घ्यावा. कार्ट्रिज उघडून जुना पट्टा काढावा आणि नवा घालावा. हे हळुवार हाताचं काम आहे, पण जमतं.

पहिली चाचणी निरुपयोगी टेपवर घ्यावी. महत्त्वाची टेप सगळ्यात शेवटी लावावी, आणि ती चालू लागली की फायली निवडत बसू नये. एकाच फेरीत सगळी टेप जशीच्या तशी उतरवून घ्यावी, कारण दुसरी फेरी मिळेलच असं नाही.