कुत्र्यावर कर, विकणाऱ्याकडे काणाडोळा: नाशिकच्या पेट शॉपमागचा कायदा

महापालिका अधिनियम 1949 मधलं कलम 127 काढून पाहा. महापालिकेला बसवता येतील अशा करांच्या यादीत नाटक-सिनेमावरच्या कराशेजारीच कुत्रा बसलेला दिसेल. 7 नोव्हेंबर 1982 ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर एकत्र करून नाशिक महापालिका झाली, तेव्हा हा कायदा आपसूक तिच्याकडे आला. देवळाली कॅम्पात छावणी परिषदेचा कारभार वेगळा, पण 1924 च्या छावणी कायद्यातही कुत्र्यांच्या नोंदणीसाठी उपविधी करायची मुभा होतीच. दोन्हीकडे काळजी एकच: कुत्रा कोणाचा, आणि तो मोकळा सुटलाय का. तो आला कुठून, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

सुचायचं कारणही फारसं नव्हतं. ओळखीतल्या कोणाच्या अल्सेशियनला पिल्लं झाली की एक आपल्याकडे यायचं, बदल्यात फार तर पेढे. गंगापूर रोड, इंदिरानगरकडे शहर पसरलं, फ्लॅट वाढले आणि पिल्लाला भाव आला. मग दुकानं आली. त्यांच्याकडे काय असायचं, तर गुमास्ता. तो दुकानाचा परवाना, आतल्या जिवांचा नव्हे. किराणा आणि लॅब्रेडॉरचं पिल्लू त्याच्या लेखी सारखंच. 2017 च्या नव्या दुकाने-आस्थापना कायद्याने तर दहापेक्षा कमी कामगार असतील तिथे नोंदणीही काढून टाकली, नुसती सूचना पुरते. पेट शॉपमध्ये दहा माणसं कुठे असतात?

काहीजण केनेल क्लबचे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, कागद पुढे करतात. 'कागदवालं' पिल्लू म्हटलं की किंमत चढते, आणि घेणाऱ्याला वाटतं सरकारी मोहोर आहे. ती वंशावळीची नोंद असते. पिल्लाची आई कशा पिंजऱ्यात राहते, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

प्राण्यांच्या छळाविरुद्धचा देशाचा मुख्य कायदा 1960 चा. राज्यसभेत त्यासाठी आग्रह धरणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल पुढे 1962 मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. पण या कायद्यात मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं यांवर बोट होतं. पैदास करून विकण्याच्या धंद्याला स्वतंत्र नियम नव्हते. ऑगस्ट 2015 मध्ये विधी आयोगाने 261 वा अहवाल खास याच विषयावर दिला: पेट शॉप, कुत्र्यांची पैदास, शोभेचे मासे. त्यानंतर 23 मे 2017 ला कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे नियम निघाले. नेमके त्याच दिवशी गुरांच्या बाजाराचेही निघाले. देशभर गदारोळ झाला तो गुरांवरून. कुत्र्यांचे नियम कोणाच्या लक्षातही आले नाहीत.

खरं तर ते वाचण्यासारखे आहेत. मादी 18 महिन्यांची व्हायच्या आत आणि आठ वर्षांनंतर वीण नाही, वर्षात एकच वीण, आयुष्यात पाचच. मायक्रोचिप, नोंदवही. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. यातला शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो असं मला वाटतं, कारण पिल्लू जितकं लहान तितकं गोंडस, आणि जितक्या लवकर जाईल तितका खाण्यापिण्याचा खर्च कमी. एका पशुवैद्यांकडे माझ्यापुढे एक कुटुंब आलं होतं. मुलाच्या स्वेटरमध्ये पिल्लू, हातात लसीचं पुस्तक, त्यात जन्मतारखेवर दुसऱ्या पेनाने गिरवलेलं. डॉक्टरांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि पिल्लाचा ओठ वर केला. आठ आठवड्यांपर्यंत दुधाचे साधारण 28 दात यायला हवेत. याच्या मागच्या हिरड्या अजून मऊच होत्या. "अहो, याला अजून आईजवळ ठेवायचं होतं," एवढंच ते म्हणाले. त्या वयात आईवेगळं झालेलं पिल्लू पार्व्होसारख्या आजाराला लवकर बळी पडतं.

सप्टेंबर 2018 मध्ये पेट शॉपचे वेगळे नियम आले. त्यात मांजरं, ससे, हॅमस्टर, पिंजऱ्यात पैदा झालेले परदेशी पक्षीही धरले आहेत. (आपल्याकडचा पोपट यात बसत नाही, तो विकणं वन्यजीव कायद्यानेच गुन्हा.) दोन्ही नियमांत नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करायची, शुल्क 5,000 रुपये. ब्रीडरची मुदत दोन वर्षं, दुकानाची पाच.

म्हणजे शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, महापालिकेच्या मुख्यालयात, पाळीव कुत्र्याचा परवाना मिळेल, भटक्यांच्या निर्बीजीकरणाचा हिशेब मिळेल, पण विकणाऱ्याच्या नोंदणीची किल्ली तिथे नाही. भटक्या कुत्र्यांचं काम 2001 च्या नियमांपासून स्थानिक संस्थेच्या गळ्यात आहे, 2023 च्या नव्या नियमांतही तसंच राहिलं. हौस फिटली म्हणून सोडून दिलेला हस्की शेवटी महापालिकेच्याच गाडीत जातो. त्याला विकणारा मात्र तिच्या कक्षेबाहेर.

मार्च 2024 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र धाडलं: पिटबुल, रॉटवायलरसह 23 जातींची विक्री आणि पैदास थांबवा, स्थानिक संस्थांनी परवाने देऊ नयेत. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवलं, कारण संबंधितांशी सल्लामसलत झाली नव्हती. 2017 चे नियम तसेच राहिले. ते मोडले तर 1960 च्या कायद्याच्या कलम 38 प्रमाणे शिक्षा: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची कमाल रक्कम 100 रुपये.