वायफाय गेलं की लाईन गेली?

“नेट गेलं” हे दोन शब्द आपण दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतो. एक दुखणं घरातल्या हवेतलं, म्हणजे राउटर आणि मोबाईल यांच्यामधलं. दुसरं काचेच्या तंतूमधलं, म्हणजे कंपनीचं केंद्र आणि घरातला डबा यांच्यामधलं. मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात: व्हिडिओ अडकतो, गोल फिरत राहतं, समोरच्याचा आवाज तुटतो. त्यातच फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर आता बहुतेक घरांत एकाच खोक्यात येतात, त्यामुळे दोष कुठल्या अर्ध्यात आहे हे बाहेरून कळायची सोयच उरत नाही. परिणामी वायफायच्या दुखण्यासाठी लाईन तपासणारा माणूस दोनदा येऊन जातो आणि लाईनच्या दुखण्यासाठी आपण नवा राउटर आणतो. पैसे जातात, दिवस जातात, नेट तसंच.

नेट गेलं की आपला हात आधी खोक्याच्या बटणाकडे जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो दोन मिनिटं आवरा. खोकं बंद करून चालू केलं की दोन्ही अर्धे एकदम नव्याने सुरू होतात. वायफाय कदाचित वेगळं चॅनेल निवडतं आणि फायबरची बाजू केंद्राकडे पुन्हा नोंदणी करते. नेट बरं झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही. बऱ्याच खोक्यांमधली आतली नोंदवहीसुद्धा त्यात पुसली जाते.

त्या दोन मिनिटांत करायचं ते एवढंच. लॅपटॉप नेटवर्कच्या तारेने थेट खोक्याला जोडा आणि वायफाय बंद करा. तारेवर सगळं सुरळीत चाललं आणि वायफायवर अडखळलं, तर लाईन निर्दोष आहे. तारेवरही तसंच अडखळलं, तर हवेचा संबंध नाही. तार मात्र धड हवी. तारेत आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात आणि गिगाबिट वेगाला चारही लागतात. एखादी जोडी तुटली की जोडणी १०० मेगाबिटवर उतरते आणि वेगाची चाचणी ९४-९५ च्या आसपास अडकून बसते. हा आकडा पुन्हा पुन्हा दिसला तर आधी तार बदला, बाकी काही नंतर.

दोष येऊन-जाऊन असेल, तर पिंगच्या (एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या आज्ञेच्या) दोन खिडक्या लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडून ठेवा. एकीत राउटरचा पत्ता, जो बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो, दुसरीत बाहेरचा, उदाहरणार्थ १.१.१.१. अडखळलं की दोन्हींकडे बघा. वायफायवर असताना राउटरचंच उत्तर उशिरा येत असेल किंवा गळत असेल, तर दोष घरातल्या हवेत. राउटर एक-दोन मिलिसेकंदात उत्तर देतोय आणि बाहेरचा पत्ता गप्प आहे, तर दोष लाईनमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे.

आणखी एक साक्षीदार खोक्यातच बसलेला असतो, त्याला फारसं कुणी विचारत नाही. राउटरच्या स्थिती दाखवणाऱ्या पानावर बाहेरची जोडणी किती वेळ अखंड चालू आहे हे बहुधा लिहिलेलं असतं. सकाळी तीनदा “नेट गेलं” आणि तिथे बारा दिवस दिसत असतील, तर लाईन तुटलेली नव्हती, तुमचा मोबाईल वायफायवरून घसरत होता. तिथे चाळीस मिनिटं दिसली आणि मधल्या काळात वीज गेलेली नसेल, तर जोडणी खरोखर तुटली होती. अर्थात खोकं स्वतःच अधूनमधून बंद पडून चालू होत असेल तरी हाच आकडा लहान दिसतो. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर अडॅप्टरवर संशय घ्या. थकलेला अडॅप्टर दोन्ही बाजूंना एकाच वेळी मारतो.

आता सगळ्यात मोठा घोळ. वायफायच्या लहरींची आणि फायबरमधल्या प्रकाशाची ताकद एकाच एककात मोजतात, डीबीएममध्ये, आणि दोन्हीकडे आकडा उणे असतो. पण त्या आकड्यांच्या अर्थामध्ये जमीन-अस्मानाचा फरक. वायफायमध्ये उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ म्हणजे व्हिडिओ कॉलला पुरेसं, उणे ८० म्हणजे जेमतेम. फायबरमध्ये उणे २० ही चांगली तब्येत आणि उणे २८ म्हणजे शेवटचे श्वास. एकाचा आकडा दुसऱ्याच्या मापाने वाचला की निरोगी लाईन आजारी ठरते, किंवा मरायला टेकलेली लाईन ठणठणीत.

हे गणित थोडं समजून घेण्यासारखं आहे. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. तिथून दर तीन अंक खाली गेलं की ताकद निम्मी. उणे २७ म्हणजे मिलिवॉटचा पाचशेवा भाग. घरोघरी सर्वाधिक आढळणाऱ्या जीपॉन या फायबर जोडणीच्या पद्धतीत डब्याला साधारण उणे ८ ते उणे २७ या दरम्यान प्रकाश मिळावा लागतो. जास्त झाला तरी डबा गोंधळतो, कमी झाला तर ऐकूच येत नाही. अधूनमधून तुटणारी लाईन बहुधा या खालच्या काठावर उभी असते. दिवसभर उणे २६, आणि वाऱ्याने बाहेरची केबल हलली किंवा जॉइंटच्या पेटीत पाणी शिरलं की उणे २९. म्हणून तंत्रज्ञ येतो तेव्हा सगळं छान चालत असतं, आणि तो गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फायबरच्या बाजूचे दिवेही नीट वाचता येतात. एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल म्हणजे प्रकाश पोचतच नाही किंवा ओळखता येण्याइतका पोचत नाही: केबल तुटली, कनेक्टर निसटला किंवा तंतू कुठेतरी मुडपला. पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय, पण केंद्राकडची नोंदणी पूर्ण होत नाही. दोन्ही ठीक आणि तरीही नेट नाही, तर काच धडधाकट आहे. खातं, लॉगिन किंवा कंपनीचं पुढचं जाळं बघायला हवं.

घरातल्या घरात फायबरला होणारी इजा म्हणजे मुडप. कपाट भिंतीला रेटलं, जास्तीची केबल करकचून गुंडाळून खिळ्याला अडकवली, दाराच्या फटीतून ओढली, झालं. जुन्या पद्धतीच्या तंतूला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सोसत नाही. घरासाठी बनवलेले नवे तंतू १० किंवा ७.५ मिलिमीटरपर्यंत सहन करतात. वळण सैल करून दहा मिनिटांनी राउटरच्या पानावर प्रकाशाचा आकडा पुन्हा बघा. तीन-चार अंकांनी सुधारला तर चोर सापडला. कनेक्टरच्या टोकाला मात्र बोट लावू नका. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याचा व्यास सुमारे ९ मायक्रोमीटर, धुळीचा एखादा कणही त्याला झाकू शकतो. हिरवा कनेक्टर आठ अंशांत तिरका घासलेला असतो, निळा तसा नसतो; एकात दुसरा बसतो, पण प्रकाश भरपूर गळतो. आणि उघड्या टोकात डोळा घालून “प्रकाश येतोय का” बघणं कटाक्षाने टाळा. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून धोका कळत नाही.

वायफायबद्दल कमी सांगतो, कारण त्याचे उपाय आपल्याच हातात असतात. दोष खोली बदलल्यावर बदलतो, किंवा एकाच मोबाईलला होतो, बाकीचे मजेत असतात, हीच त्याची खूण. फायबरचा दोष सगळ्यांना एकदम भोगावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच: १, ६ आणि ११. शेजारपाजारची सगळी खोकी त्यातच दाटीवाटी करतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गरगरतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण भिंतीपलीकडे दम लवकर संपतो. खोकं कपाटातून, टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर ठेवलं तरी बरंच साधतं.

एक तिसरा प्रकार दोघांच्याही वेशात येतो. कुणी मोठी फाईल वर चढवायला घेतली की घरातल्या सगळ्यांचे कॉल अडखळतात आणि बाहेरचा पिंग १० वरून ३०० मिलिसेकंदांवर जातो. तारेवरही तेच होतं, प्रकाशाचा आकडा मात्र छान असतो. इथे राउटरच्या दारात माहितीच्या पाकिटांची लांबलचक रांग लागलेली असते. राउटरमध्ये क्यूओएसची (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची) सोय असेल तर वर जाणाऱ्या वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवा, रांग मोडते.

लाईनचाच दोष निघाला, तर तक्रारीत “नेट स्लो आहे” असं लिहू नका, त्यावर उत्तर ठरलेलंच येतं: रीस्टार्ट करा. लिहा: तारेने जोडून पाहिलं; राउटरचा पिंग स्वच्छ; ९ वाजून १० मिनिटं ते ९ वाजून १४ मिनिटं बाहेरचा बंद; त्या वेळी एलओएस लाल; मिळणारा प्रकाश उणे २७.८. तंत्रज्ञ काम आटोपून निघण्याआधी तोच आकडा त्याच्यासमोर पुन्हा उघडा. उणे २१ दिसला तर जॉइंट खरंच नव्याने केला गेला आहे. अजून उणे २७.६ असेल, तर त्याला तिथेच थांबवून बाहेरची पेटी उघडायला सांगा.