काकुमा कॅम्पमध्ये स्पोर्ट्स ट्रेनर म्हणून व्हॉलंटिअर व्हायचंय? अर्ज कुठे करायचा, कागद कुठले लागतात

केनियाच्या तुर्काना भागातला काकुमा हा रेफ्युजींचा, म्हणजे निर्वासितांचा कॅम्प १९९२ पासून आहे, राहणारे बहुतेक दक्षिण सुदानचे, शिवाय सोमालिया, काँगो, बुरुंडीचे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधे पहिल्यांदा रेफ्युजी टीम उतरली त्यातल्या दहा खेळाडूंपैकी पाच धावपटू काकुमात वाढलेले, उद्घाटनाला झेंडा धरणारी रोझ नाथिके लोकोन्येन त्यातलीच. हे वाचून आपल्याकडच्या कोच मंडळींना, पीटीच्या सरांना वाटतं की आपणही जाऊन शिकवावं. जरूर जा, पण तिकीट काढून थेट कॅम्पच्या दारात उभं राहिलात तर आत कोणी घेणार नाही. आधी संस्था, मग परमिशन, मग तिकीट.

सरळ रस्ता म्हणजे यूएनव्ही, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा व्हॉलंटिअर प्रोग्रॅम. त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर प्रोफाइल बनवायचं आणि जागा निघाली की त्या जागेला अर्ज टाकायचा. वय १८ ते २६ असेल तर यूथ गटात बसता, २७ च्या पुढे स्पेशालिस्ट, त्याला किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. ‘स्पोर्ट्स ट्रेनर’ असं सर्च करून बसू नका, त्या नावाची जागा क्वचितच दिसते, यूथ, एज्युकेशन, चाइल्ड प्रोटेक्शन या नावाखाली बघा. इंग्रजी चांगलं हवं, स्वाहिली थोडं येत असेल तर फारच छान. निवड झाली की महिन्याचा भत्ता, प्रवास, विमा ते देतात. अर्जाला फी नसते, त्यामुळे कोणी ‘रजिस्ट्रेशन चार्ज’ मागितला तर समजून जा.

कागदांत पासपोर्ट, डिग्री, कोचिंगचं सर्टिफिकेट (पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं किंवा फुटबॉलवाल्यांसाठी एआयएफएफ म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं लायसन्स), फर्स्ट एड, आणि पोलीस क्लिअरन्स म्हणजे पीसीसी, तो पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतो, फी ५०० रुपये. लहान मुलांशी काम आहे त्यामुळे जुन्या शाळेला किंवा क्लबला फोन करून तुमची चौकशी होऊ शकते, रेफरन्स देताना ज्यांचं नाव टाकताय त्यांना आधी सांगून ठेवा.

छोट्या एनजीओमार्फत जाणार असाल तर दोन गोष्टी लेखी विचारा. केनियाचा ईटीए (ऑनलाइन मिळणारा प्रवेश परवाना) फिरायला ठीक आहे, पण त्यावर काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी, मग स्पेशल पास (थोड्या काळाच्या कामाचा परवाना) किंवा वर्क परमिट कोण काढणार? आणि कॅम्पमधे शिरायला तिथल्या रेफ्युजी खात्याची वेगळी परवानगी लागते, ती कोण आणणार? उत्तर गोलमाल आलं तर ती संस्था सोडा.

अर्जातल्या मोटिव्हेशनच्या रकान्यात ‘गरीब मुलांना खेळ शिकवीन’ लिहू नका. कॅम्पमधे फुटबॉलच्या टीम आहेत, कोचही रेफ्युजीच आहेत, जे ‘इन्सेंटिव्ह’ नावाच्या तुटपुंज्या मानधनावर राबतात. त्यांची जागा घ्यायला नाही, त्यांच्या हाताखालच्या लोकांना तयार करायला जायचंय. धुळीच्या उघड्या मैदानावर, चाळीसच्या आसपासच्या उन्हात, एका बॉलवर तीस पोरांचं सेशन कसं घ्याल ते लिहा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवणार असाल तर तेही लिहा, कारण घरचं पाणी आणि जेवण उरकल्याशिवाय बऱ्याच जणींना मैदानावर येता येत नाही.

पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, कारण केनियातून परत येताना ते नसेल तर इथल्या एअरपोर्टवर क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून.