किंडल घ्यावं की कोबो?

भाचा टोरांटोहून सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या सॅकमध्ये कोबो होतं, ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. आमच्याकडे तसंच अ‍ॅमेझॉनचं किंडल. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली आणि दिवसभरात घरातल्या तिघांनी चुकीचं उचललं!

त्यात त्यांची चूक नाही. दोन्हींचे पडदे ई इंक या एकाच कंपनीचे. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून १९९७ साली ही कंपनी निघाली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या, त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यावर कण वर-खाली होतात आणि मग जागच्या जागी राहतात. समोरच्या दिव्याचा खर्च सोडला तर वीज लागते ती पान उलटतानाच, म्हणून चार्जिंग आठवडे पुरतं. साधं किंडल आणि कोबो क्लारा बीडब्ल्यू, दोन्ही सहा इंची, इंचाला ३०० ठिपक्यांचे, १६ जीबीचे. किंडल १५८ ग्रॅम, क्लारा १७४. क्लारा पाण्यात पडलं तरी चालतं, साधं किंडल नाही. त्यासाठी किंडलच्याच वरच्या मॉडेलकडे, पेपरव्हाइटकडे जावं लागतं. क्लारा उघडून दुरुस्त करता यावं अशी सोयही कोबोने २०२४ मध्ये केली.

एवढं झालं की यंत्राबद्दल फारसं बोलायला उरत नाही. पाहायचं ते पुस्तकं आत कुठून येतात हे.

किंडलवर ती मुख्यतः अ‍ॅमेझॉनच्या दुकानातून येतात. डिसेंबर २०१६ पासून त्यात मराठीही आहे. बटण दाबलं, पुस्तक आलं, आईलाही जमतं. पण विकत घेतलेल्या बहुतेक पुस्तकांना अ‍ॅमेझॉनचं कुलूप असतं, ती कोबोवर उघडत नाहीत. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण त्यातलं एक पुस्तक ‘१९८४’ होतं, जुनी कागदपत्रं पुसत बसणाऱ्या सरकारची गोष्ट! फेब्रुवारी २०२५ मध्ये, विकत घेतलेलं पुस्तक संकेतस्थळावरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली.

कोबो मूळ कॅनडातलं (‘बुक’ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की कोबो होतं), आता जपानच्या राकुतेनच्या मालकीचं. ते ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा सर्रास वापरला जाणारा प्रकार) सरळ वाचतं, म्हणजे पुस्तक कोबोच्याच दुकानातलं असायला हवं असं नाही. भाच्याला मात्र त्याचं कौतुक वाचनालयासाठी. वाचनालयाचं कार्ड ओव्हरड्राइव्ह या ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या सेवेला जोडलं की टोरांटोच्या सार्वजनिक वाचनालयातली पुस्तकं थेट कोबोवर, फुकट. किंडलवर वाचनालयाची अशी सोय फक्त अमेरिकेत आहे. सांगली-नाशिकच्या वाचनालयाचं कार्ड घेऊन दोन्हींवर यातलं काहीच होत नाही.

‘किंडल ईपब वाचत नाही’ असं अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ या अ‍ॅमेझॉनच्या सोयीने ईपब पाठवता येतं. तिकडे त्याचं रूपांतर होऊन ते किंडलवर येतं.

मराठी वाचणाऱ्याचं खरं दुखणं पीडीएफ. आपल्याकडे फुकट फिरणारी बरीच पुस्तकं त्यातच असतात. सहा इंचांवर ए-फोर पान म्हणजे मुंग्यांची रांग. रूपांतर करायला जावं, तर स्कॅन केलेलं पान निव्वळ चित्र असतं. आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात जुळवलेलं असेल तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो. यात किंडल-कोबो असा भेद नाही, दोन्ही सारखीच हतबल. बुकगंगावरची ई-पुस्तकं त्यांच्या अ‍ॅपमध्ये वाचायची, तीही या दोन्हींवर नाहीत. अशा पीडीएफ आणि अ‍ॅपमधल्या पुस्तकांसाठी बूक्ससारखं अँड्रॉइडवर चालणारं, मोठ्या पडद्याचं यंत्र बरं. महाग आहे, आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही येतं हा धोका वेगळाच.

मराठी पुस्तकं विकत घेऊन वाचणाऱ्या, इथेच राहणाऱ्या माणसाला मी आजही किंडलच सांगेन, कुलपासकट. कोबोही २०१३ मध्ये क्रॉसवर्ड आणि क्रोमामधून भारतात आलं होतं, पण इथे त्याला पाय रोवता आले नाहीत. पण कॅनडात राहणाऱ्या आणि महिन्याला चार इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्याने किंडल घेणं म्हणजे दारात वाचनालय असताना रोज दुकानात जाणं.

भाचा परत गेला. जाताना सॅकमध्ये आमचं किंडल गेलंय, हे त्याने विमानतळावरून फोन करून कळवलं.