सणाच्या जेवणात संगीत आलं कुठून?

भाऊबीजेच्या रात्री नाशिकमधल्या बऱ्याच घरांत पानं घेण्याआधी एक प्रश्न निघतो: लावायचं काय? बहिणी-भाऊ, जावई, भाचरं, आजी-आजोबा असे सगळे जमलेले असतात. बाहेर गारठा सुरू झालेला असतो, निफाडचा पारा किती उतरला याची चर्चा झालेली असते, बासुंदी आटून तयार असते. आजोबांना अभंग हवा असतो, आत्याला जुनी हिंदी गाणी, मुलांना त्यांचं काहीतरी. मग कुणीतरी फोन हातात घेतं आणि पुढचा तास-दीड तास घरात कोणता सूर राहील हे ठरवतं.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. जेवताना मंद संगीत चालू ठेवायचं, त्याने घरात ऊब यावी, गप्पा रंगाव्यात, पण लक्ष मात्र गप्पांवरच राहावं, ही कल्पना मराठी घरात येऊन जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्या. ती आली कशी हे पाहिलं की निवडही सोपी होते, म्हणून हा मागोवा.

पंगतीत आवाज होताच. ‘वदनि कवळ घेता’ म्हणून सुरुवात व्हायची, वाढणं चालू असताना एकेक मुलगा श्लोक म्हणायचा आणि शेवटी ‘जय जय रघुवीर समर्थ’चा गजर. समर्थांनी जिथे बारा वर्षं तप केलं असं परंपरा सांगते ती टाकळी नाशिकलाच आहे, त्यामुळे इथल्या जुन्या वाड्यांतून हा घोष जरा जास्तच हक्काने उठत असे. श्लोकांमुळे सगळी पानं वाढून होईपर्यंत पंगत थांबून राही, पोरांची भीड मोडे आणि पाठांतरही होई. लग्नातल्या विहिणीच्या पंगतीला तर खास गाणी असत. विहिणीचा मान, तिच्या ताटातले पदार्थ, तिची आर्जवं असं सगळं त्यांत यायचं. घास भरवताना नाव घेणंही त्याच घराण्यातलं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. कुणी म्हणू लागलं की बाकीचे गप्प होत. गाणं जेवणाच्या मधोमध बसलेलं असे, मागे नसे.

जुने ग्रंथही या दोन सुखांना वेगवेगळं मांडतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त राजाने काय खावं याचं तपशीलवार वर्णन ‘अन्नभोगा’त येतं आणि गाण्याची चर्चा ‘गीतविनोदा’त, पार वेगळ्या भागात. अन्न आणि स्वर यांची गाठ आपल्याकडे पक्की बांधली ती देवळांनी. पुष्टिमार्ग या कृष्णभक्त पंथाच्या हवेल्यांत, म्हणजे मंदिरांत, मंगलेपासून शयनापर्यंत दिवसाची आठ दर्शनं असतात, आणि राजभोगाच्या, म्हणजे देवाच्या मुख्य नैवेद्याच्या, वेळी त्या प्रहराच्या रागातलं कीर्तन होतं. अमुक वेळेला अमुक सूर, ही शिस्त तिथे भोजनाशी जोडली गेली. पण ते भोजन देवाचं होतं.

युरोपात राजेलोक जेवताना वादक बसवत. तिकडे या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळालं आणि टेलेमान या जर्मन संगीतकाराने १७३३ साली केवळ मेजवानीसाठी रचलेल्या संगीताचा मोठा संग्रह छापला. त्याचा प्रवाह पुढे हॉटेलं आणि क्लबांतून मुंबई-पुण्यापर्यंत आला. नाशिकच्या मराठी घरावर त्याचा थेट परिणाम झाला असं मला वाटत नाही. आपल्याकडचा बदल दोन घरगुती कारणांनी घडला. एक यंत्राचं, दुसरं घरातल्या बायकांचं.

आधी यंत्र. हिंदुस्थानात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली, कलकत्त्यात, आणि गायिका गौहरजानचा आवाज त्यातल्या पहिल्या काही आवाजांपैकी. त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक राज्य केलं ते मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीने. तिची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. मग उठायचं, तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी द्यायची. उष्ट्या हाताने हे जमणारं नव्हतंच. म्हणून फोनो वाजे तो दुपारच्या विसाव्याला किंवा रात्री जेवणं उरकल्यावर, ओटीवर, चार माणसं समोर बसवून.

या तीन मिनिटांचं सोनं करणाऱ्यांत नाशिकचा एक माणूस अग्रभागी होता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, म्हणजे बापूराव पलुसकर, १९२१ साली नाशिकलाच जन्मले. पूर्ण रागाचं चित्र तीन मिनिटांत, कुठेही घाई न जाणवता उभं करणं ही त्यांची हातोटी आजही थक्क करते. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांची भजनं आजही नाशिकच्या घरांतून ऐकू येतात. पण जेवणाच्या वेळेसाठी मी ती निवडणार नाही, कारण ती सुरू झाली की हातातला घास थांबतो.

रेडिओने उठण्याची कटकट संपवली. कळ फिरवली की गाणं आपोआप एकामागून एक येणार, ही त्या काळी मोठी सोय होती. मात्र काय लागणार हे केंद्र ठरवे. पन्नाशीच्या दशकात बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेसंगीताला फारसा वाव उरला नाही. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्यावर उतारा म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. दरम्यान १९५३ साली पुणे केंद्र उघडलं होतं आणि तिथूनच १ एप्रिल १९५५पासून ‘गीतरामायण’ प्रसारित झालं. ज्या गावात पंचवटी आहे, त्या गावाने ते कोणत्या भावाने ऐकलं असेल हे वेगळं सांगायला नको. पण तेही पुन्हा सगळं बाजूला ठेवून ऐकायचंच संगीत होतं. जेवणाला सोबत केली ती विविध भारतीच्या रात्रीच्या गाण्यांनी. माजघरात पानं मांडलेली, ओटीवरचा रेडिओ आतपर्यंत ऐकू येतोय, कुणी मुद्दाम ऐकत नाही पण बंदही करत नाही. आपल्या घरातलं पहिलं पार्श्वसंगीत ते हेच.

आता बायकांचं कारण, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचं. पुरुषांची पंगत आधी, मुलांची सोबत, बायकांची सगळ्यांत शेवटी अशी रीत होती. सणाच्या दिवशी तर तीन-तीन पंगती उठायच्या. वाढणारीची धावपळ चालू असताना वातावरण कुणासाठी तयार करणार? जेवण ही निवांत बसून घालवायची वेळ झाली ती सगळे एकत्र बसू लागल्यावर. वाडे सोडून लोक कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगरच्या फ्लॅटांत राहायला गेले, स्वयंपाकघराला लागून डायनिंग टेबल आलं, पदार्थ मध्ये ठेवून ज्याचं त्याने वाढून घ्यायची पद्धत रुळली. घरची बाई टेबलाशी बसली आणि मग जेवण लांबलं. लांबलेल्या जेवणाला गप्पा लागतात, आणि गप्पांमधल्या मोकळ्या जागा भरायला काहीतरी हळू वाजणारं लागतं.

त्याच सुमारास यंत्रही लांबलं होतं. अमेरिकेत १९४८ साली आलेल्या एलपीची, म्हणजे जास्त वेळ चालणाऱ्या तबकडीची, एक बाजू वीस मिनिटांच्या पुढे चाले. आपल्याकडे १९६७ साली याचा फार सुंदर उपयोग झाला. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार घेऊन एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी काढली. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या रागांपर्यंत. यामागची कल्पना होती गो. ना. जोशींची. मराठी भावगीताचे आद्य गायक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं तेच हे जोशी, पुढे एचएमव्हीत अधिकारी झालेले. तीन मिनिटांच्या भावगीताने सुरुवात केलेल्या माणसाने घरभर दरवळत राहणारं शब्दांवाचूनचं संगीत घडवावं, हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. संतूरचा स्वर छेडला की हळूहळू विरतो, बासरीत श्वासाची जागा असते. बोलणाऱ्या माणसाला हे संगीत अडवत नाही.

कॅसेटने हे सर्वांच्या आवाक्यात आणलं. फिलिप्सने ती १९६३ साली बाजारात आणली होती, पण आपल्या घरांत तिचा सुळसुळाट झाला तो ऐंशीच्या दशकात. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दुकानात देऊन हवी तशी भरून घ्यायची सोय होती. जेवणाच्या वेळी काय वाजावं हे घरातल्या माणसांनी आधी ठरवायला सुरुवात झाली ती इथून.

नाशिकमधला आणखी एक धागा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलंही तिथे शिकली. आफ्रिकेत प्रवास करणाऱ्या लिव्हिंग्स्टन या मिशनऱ्याचा मृतदेह मायदेशी नेणाऱ्यांतला जेकब वेनराइट हा याच शाळेचा विद्यार्थी. मिशनबरोबर नाताळची इंग्रजी गीतं आणि त्यांच्या चाली आल्या. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, पदं, भजन असं देशी रूप ख्रिस्ती उपासनेला दिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांची पदं ‘उपासना संगीता’तून आजही गायली जातात. म्हणून मराठी ख्रिस्ती घरातल्या नाताळच्या जेवणाला दोन्ही सूर शोभतात, परदेशी घंटांचा आणि टाळांचाही. डिसेंबर आला की कॅफे आणि हॉटेलं सरसकट तीच दहा-बारा इंग्रजी गाणी वाजवतात, तेव्हा शरणपूरच्या शहरात टिळकांचं एखादं पद कानावर का पडू नये, असं मनापासून वाटतं.

मागे राहणाऱ्या संगीताचा विचार पद्धतशीरपणे झाला तो पश्चिमेत. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९२० साली पॅरिसमध्ये खोलीतल्या सामानासारखं असावं असं संगीत वाजवलं. लोक गप्प बसून ऐकू लागले, तेव्हा बोलत राहा, फिरत राहा, अशी विनवणी त्यालाच करावी लागली. १९३४ साली अमेरिकेत म्युझॅक कंपनी निघाली आणि दुकानं-कचेऱ्यांत मंद संगीत पुरवणं हा धंदा झाला. १९८६ साली रोनाल्ड मिलिमन या अभ्यासकाने एका उपाहारगृहातलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. संथ लय असताना गिऱ्हाईक सरासरी ५६ मिनिटं टेबलाशी बसलं, जलद लय असताना ४५ मिनिटं. खाण्यावरचा खर्च जवळपास तेवढाच, पेयांवरचा मात्र संथ लयीत वाढलेला. लय माणसाला बसवून ठेवते, हे आपल्या विलंबित-द्रुताच्या परंपरेला माहीत होतंच. इथे ते मिनिटांत मोजलं गेलं.

दिवाळीपुरतं बोलायचं तर आपल्याकडे एक वाटणी आपोआप झाली आहे. अभ्यंगस्नानाच्या वेळची सनई आणि रेडिओवरचं नरकासुरवधाचं कीर्तन आधीपासून होतंच. ऐंशीच्या दशकापासून दिवाळी पहाटेच्या मैफली महाराष्ट्रभर पसरल्या, आणि नेहरू चौकातल्या पिंपळपारावरची पाडवा पहाट नाशिककरांच्या सणाचा भाग झाली. कान देऊन ऐकायचं संगीत पहाटेने घेतलं. रात्र घरासाठी मोकळी राहिली.

त्या रात्रीसाठी आज फोनवर जगातलं सगळं संगीत आहे, आणि ते कधी संपतच नाही. तबकडीची तीन मिनिटं, एलपीची वीस, कॅसेटची तीस अशा मर्यादा होत्या तेव्हा निवड आपोआप नेटकी होई. आता ती आपण करायची. ‘पार्टी’ किंवा ‘डिनर’ लिहिलेली आयती यादी लावून मोकळं होणं मला पटत नाही. तिला आपला प्रहर माहीत नसतो आणि आपली माणसंही.

पानं घेताना यमन किंवा हंसध्वनी, तोही बासरी वा संतूरवर. जेवण रंगल्यावर देस, तिलक कामोद, पहाडी, खमाज. हे राग मोकळे आहेत, त्यांत लोकगीताची माती आहे. मारवा नको, तो सूर्यास्ताचा आणि अस्वस्थ करणारा. दरबारी गंभीर, त्याला वेगळी रात्र द्यावी. विलंबित ख्यालही जेवताना लावू नये, गाणाऱ्यावर तो अन्याय होतो. शब्दांची गाणी गोड पदार्थ आल्यावर, कारण ओळखीचे शब्द आले की माणसं बोलणं सोडून गुणगुणू लागतात आणि तेव्हा ते हवंच असतं. आवाज इतका ठेवावा की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनाही समोरच्याचं बोलणं कळेल. यादी दीड तासाची करावी आणि ती संपल्यावर फोनने स्वतःच्या मनाने पुढचं लावू नये, एवढी सोय आधीच बंद करून ठेवावी. यादी संपेस्तोवर सुपारी-बडीशेप फिरलेली असते, आणि एखादी आत्या किंवा मामी दोन ओळी म्हणायला तयार झालेली असते.